इंदसारांचा दोर

मर्यादा या शब्दाविषयी आपण फार उतावळेपणाने बोलतो. ती ओलांडणाऱ्याला आपण धीट म्हणतो, पाळणाऱ्याला सज्जन म्हणतो, आणि दोघांनाही एकेक फूल वाहून मोकळे होतो. समुद्र आपला किनारा ओलांडीत नाही, हा दृष्टांत बुद्धवचनात आहे आणि आपल्या संस्कृत कवींनीही तो पुष्कळ वापरला आहे. परंतु त्या किनाऱ्यावर अहोरात्र आपटताना समुद्राचे काय होत असेल, हे कुणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. मर्यादेत राहणे वेगळे आणि मर्यादेत कोंडले जाणे वेगळे. कोंडले गेल्यावरही तिच्यावर न चिडता, तिच्याच दगडांतून एखादी पायरी घडवता येते का? मी आयुष्यात एकाच माणसाला ते करताना पाहिले. तो पंडित नव्हता. त्याच्या नावावर एकही ग्रंथ नाही. कुरुणेगलच्या उत्तरेला, तळ्याकाठच्या वेलंगोल्ल नावाच्या गावात तो साधा विहारवासी भिक्षू होता. त्याचे नाव मीगहकोटुवे इंदसार.

त्या गावापासून सहा मैलांवरच्या परिवेणात, म्हणजे भिक्षूंच्या पाठशाळेत, मी तेव्हा संस्कृत शिकवीत असे. दर पंधरवड्याला बुधवारच्या बसने इंदसार येत. खांद्याला पिशवी, पिशवीत विनयाच्या, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांच्या, टीकेचा एखादा खंड. तो परत करून पुढचा नेत. बोलणे मोजके. पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारले ते असे:

"पंडिततुमा, आईची सेवा भिक्षूने करावी असं शास्त्रात आहे ना?"

"आहे. आपल्या भिक्षेतलं अन्न आधी आईवडिलांना देण्याचीही मुभा आहे."

"आणि आईला स्पर्श?"

"तो नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक."

"ठाऊक आहे," ते म्हणाले, "पण पुस्तकात कुठेतरी एखादी ओळ माझ्या नजरेतून सुटली असेल, या आशेवर बसचं तिकीट काढतो."

त्यांची आई टिकिरीमेणिके. नवरा गेलेला, मुलगी नोकरीसाठी आखातात. दहा वर्षांच्या मुलाला तिने स्वतः हाताला धरून विहारात आणून दिले होते. बत्तीस वर्षांनी तिच्या डाव्या अंगावरून वारे गेले. मीगहकोटुव या मूळ गावच्या घरात तिला बघणारे कुणी नव्हते. मुलाने तिला वेलंगोल्लला आणले. विहाराच्या आवारात बाईमाणसाने राहायचे नाही, म्हणून आवाराच्या बाहेर, खडकाच्या पायथ्याशी, जुन्या पायऱ्यांच्या कुंडाजवळ गावकऱ्यांनी तिला एक खोपटे बांधून दिले. सकाळी शेजारची सीलावती येऊन तिला धुवून पुसून जाई. उरलेला दिवस म्हातारी एकटी, आणि तिच्या हाकेच्या अंतरावर तिचा मुलगा. तिला हात लावण्याचा अधिकार जगात एका त्यालाच नव्हता.

या कोंडीचे स्वरूप नीट समजून घ्यायला हवे. ममतेने आईला शिवण्यात भिक्षूला लागणारा दोष अगदी हलका आहे. दुसऱ्या भिक्षूसमोर बसून दोन वाक्ये बोलली की त्याचे निवारण होते. हे मी इंदसारांना एकदा म्हणून दाखवले. त्यांनी शांतपणे उत्तर दिले, "उद्या पुन्हा करणारच आहे हे माहीत असताना आज कबुली द्यायची, तर ती कबुली कसली? ती नुसती अंघोळ झाली." दुसरी भिंत आईची होती. मुलगा हा तिच्या आयुष्यातला एकमेव दानधर्म. रोज सकाळी ती उजवा हात कपाळाशी नेऊन आपल्या मुलाला वंदन करी, त्याला "हामुदुरू", म्हणजे स्वामी, म्हणे. चारचौघांत तो तिला "उपासिकाम्मा" म्हणे. मुलाने आपल्याला उचलावे म्हणून त्याचे व्रत भंगणार असेल, तर तिला ते मरणाहून वाईट वाटले असते. आणि तिसरी भिंत गाव. चीवर, म्हणजे भिक्षूचे वस्त्र, उतरवून ठेवलेल्या माणसाकडे त्या भागात लोक नदीतून परत आलेल्या प्रेतासारखे पाहतात. शिवाय विहारात दुसरा भिक्षू नव्हता. इंदसार गेले की दिवा लावायला कुणी उरत नव्हते.

त्यांनी मग युक्त्या काढल्या. म्हातारीच्या अंगाखाली दुहेरी चटई घातली. चटईचा काठ ओढून ते तिला कुशीवर वळवीत. आढ्यावरून एक दोर सोडला, त्याचे एक टोक ती उजव्या हाताने धरी आणि दुसरे ते ओढीत, की ती उठून बसे. आपल्या पात्रातली पाल्याची पेज तिला आधी देत, उरलेली दुपारच्या आत स्वतः घेत. सीलावती हे सगळे पाहून हसे. तिची जीभ सैल होती.

"हामुदुरू, झाडावर चढायचं नाही, माती खणायची नाही, बाईला शिवायचं नाही. मग तुम्हाला हात दिलेत कशाला?"

"जोडायला," म्हातारी आतून म्हणाली.

"जोडून झाले की मग? इकडे या, तुमची कंबर कोण जोडणार ते मी बघते."

खोपट्यापासून कुंडापर्यंत पाच खांब रोवून त्यांवर काथ्याचा दोर बांधावा, म्हणजे आईला उजव्या हाताने तो धरीत, एक पाय ओढीत, पाण्यापर्यंत जाता येईल, ही कल्पनाही त्यांचीच. तिला कुणाचा स्पर्श न होता स्वतःचे तोंड स्वतः धुता येणार होते. पण खांब रोवायचे तर जमीन खणायला हवी. भिक्षूने माती खणू नये, आणि "खण" असे कुणाला सांगूही नये. या अडचणीसाठी तिकडे एक जुनी रीत आहे. भिक्षू नुसते सुचवतो. गृहस्थाने समजून घ्यायचे असते.

विहाराला दान देणाऱ्या दायक मंडळाचा प्रमुख दिंगिरीबंडा पहार घेऊन उभा होता. इंदसार म्हणाले, "इथे एक खांब असता तर बरं झालं असतं."

"असता तर खरंच बरं झालं असतं," दिंगिरीबंडा म्हणाला आणि पहार टेकून उभाच राहिला.

"इथल्या जमिनीत खांबाला जागा आहे असं वाटतं."

"जागा भरपूर आहे, हामुदुरू. जागेची काळजी नको." मग त्याने जमलेल्या सगळ्यांकडे पाहून डोळा मिचकावला आणि तो कामाला लागला. मनाचा वाईट नव्हता. पण आपण हामुदुरूंसाठी दान आणतो आणि ते आधी त्यांच्या आईच्या ताटात जाते, ही गोष्ट त्याच्या गळ्याखाली उतरत नसे. चार खांब त्याने हातभर खोल रोवले. पाचवा कुंडाच्या तोंडाशी होता. तिथे खाली खडक लागला. दिंगिरीबंडाने घाम पुसला आणि वीतभर खड्ड्यात खांब उभा करून भोवती दगड ठोकले.

पाचही खांब एका मापाचे तोडलेले होते. इंदसार बराच वेळ पाहत राहिले. "हा खांब बाकीच्यांपेक्षा उंच दिसतो," ते म्हणाले.

"दिसू दे. म्हाताऱ्या माणसाला लांबून दिसलेलं बरं."

याहून अधिक स्पष्ट बोलणे म्हणजे "आणखी खण" म्हणणे. इंदसार गप्प बसले. पुढे ते मला म्हणाले, "त्या दिवशी माझ्या तोंडात चार अक्षरं होती. ती गिळली, आणि विनय पाळला याचं मला समाधानही वाटलं. ते समाधान मला अजून आठवतं."

दोन पावसाळे असे गेले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, काय छान व्यवस्था लावली आहे. आतली गोष्ट वेगळी होती. दुपारी सीलावती नसे तेव्हा म्हातारी कण्हे. इंदसार दाराशी येऊन उभे राहत, दोन्ही हात चीवराच्या आत खेचून घेतलेले. मी एकदा त्यांना तसे उभे पाहिले. हातांना कुणी पकडून ठेवले असावे, तसे ते दिसत होते. परिवेणात त्यांना अध्यापकाची जागा देऊ केली, ती त्यांनी नाकारली. पावसाळ्यातल्या वर्षावासासाठी आपल्या गुरूंकडे कँडीला जाणे बंद झाले. बुधवारची बस तेवढी उरली, आणि तीही ते परतीची वेळ विचारूनच चढत.

मग एका दुपारी म्हातारी पलंग आणि भिंत यांच्या फटीत पडली. दोर हाताला लागत नव्हता, चटई वरच राहिलेली. इंदसारांनी धावत जाऊन सीलावतीच्या घरी हाक दिली. ती बाजाराला गेलेली. शेजारपाजारच्या बायका शेतात. दोन तास ते उंबऱ्याबाहेर बसून आईला ऐकू जाईल असे सूत्रपठण करीत राहिले, आणि आई फटीत पडून "साधु, साधु" म्हणत राहिली. सीलावतीने येऊन तिला उचलले तेव्हा म्हातारीच्या कोपराचे कातडे सोलवटले होते.

त्याच्या पुढच्या बुधवारी इंदसारांनी टीकेचा खंड परत केला, पुढचा मागितला नाही.

"ओळ सापडली का?" मी विचारले.

"एक सापडली. आई पाण्यात वाहून जात असेल तर काय करावं, ते लिहिलं आहे. आई पलंगाच्या फटीत पडली तर काय करावं, ते लिहिलेलं नाही." मग ते म्हणाले, "या पोयानंतर, पौर्णिमा झाली की, मी गुरूंकडे जाणार. चीवर ठेवून येणार. हात मोकळे हवेत, पंडिततुमा."

मी परत आलेला खंड कपाटात ठेवला.

पांढरा सारोंग आणि सदरा त्यांनी बाजारातून आणून विहाराच्या पेटीत ठेवला. केर काढताना तो सीलावतीला दिसला. पोटात राहील ती सीलावती कसली! पौर्णिमेला तीन दिवस उरले असताना तिने म्हातारीला सांगितले.

टिकिरीमेणिके मुलाला एका शब्दाने बोलली नाही. त्या दिवसापासून तिने चटई ओढू देणे बंद केले. "माझी मी वळते." दोर ओढू देणे बंद केले. "माझी मी बसते." तिला उचलावे लागतच नाही, असे तिला सिद्ध करायचे होते. दोन दिवस तिने ते हट्टाने सिद्ध केले. तिसऱ्या दिवशी दुपारी, सीलावती नसताना, ती एकटीच उठली आणि दोराला धरून कुंडाकडे निघाली.

भाद्रपदाचा शुक्ल पक्ष संपत आलेला, उन्हाळी पिकाची मळणी चाललेली. सारे गाव तळ्यापलीकडच्या खळ्यावर होते आणि तिथे भाड्याचा ट्रॅक्टर धडधडत होता. कुंडात पाणी गुडघ्याएवढे, त्याखाली पुरुषभर गाळ. चार खांबांनी म्हातारीला नीट नेले. पाचव्यावर तिने भार टाकताच तो दगडांसकट उपटला, आणि ती खांब, दोर यांच्यासह शेवटच्या पायरीवरून गाळात गेली.

पुढचे मी दोघांकडून वेगवेगळे ऐकले. एका बाबीखेरीज दोघांचे सांगणे जुळते.

इंदसार पोहोचले तेव्हा ती छातीपर्यंत रुतली होती. उजव्या हाताने एका निखळलेल्या पायरीचा दगड धरून ठेवला होता. दोर गाळात गडप झालेला.

"अम्मे!"

"ओरडू नका, हामुदुरू. घसा बसेल. उद्या पोयाचं प्रवचन आहे."

त्यांनी खळ्याच्या दिशेने तीन-चार हाका मारल्या. ट्रॅक्टरखेरीज उत्तर आले नाही. तिथे जाऊन यायला अर्धा तास, आणि गाळ म्हातारीला बोटाबोटाने आत घेत होता. ते पायऱ्या उतरू लागले.

"तिथंच थांबा! आणखी एक पायरी उतरलात तर हा दगड सोडते मी."

"मला येऊ दे. दोष मी भोगीन."

"तुम्ही का भोगाल? तो पांढरा सदरा कशासाठी आणलाय ते मला कळलंय. मला उचललंत की तो अंगात घालायला मोकळे. मी उचलून घेणार नाही."

इंदसार थांबले. ती खरेच सोडील, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी वरचे चीवर काढले, पिळा घातला, एक टोक मनगटाला गुंडाळले आणि दुसरे तिच्यापुढे फेकले. ते नेमके तिच्या तोंडासमोर येऊन पडले. टिकिरीमेणिकेने मान वाकवून त्या चीवराला कपाळ लावले, आणि ते तसेच राहू दिले.

"चिखल लागतोय. उचला ते. अर्हंतांचा ध्वज आहे, बाईने धरायचं फडकं नाही."

"धर, अम्मे! धर म्हणतो ना!"

गाळ खांद्याला टेकला होता. ती म्हणाली, "हे हामुदुरू सांगताहेत की माझा मुलगा सांगतोय? मुलाचं मी ऐकत नाही. मुलगा मी चौतीस वर्षांपूर्वी देऊन टाकला."

त्या क्षणी आपल्याला काय वाटले ते इंदसारांनी मला कधी सांगितले नाही. त्यांनी काय केले तेवढे सांगितले. ते पायरीवर मांडी घालून बसले. प्रवचनाला बसतात तसे ताठ. डोळे खाली वळवले, आणि प्रवचनाच्या संथ सुरात बुद्धवंदना सुरू केली. तीन वेळा, एकही अक्षर न गाळता. दोन वेळेस आटोपले असते तर आईने ते प्रवचन मानले नसते. तिनेही, हनुवटीपाशी चिखल आलेला असताना, सवयीने मागोमाग म्हटले.

मग ते कुणालाही उद्देशून न बोलता सांगू लागले. पूर्वाचार्य म्हणतात, भिक्षूने आपली आई पाण्यात सापडलेली पाहिली तर तिला हाताने धरू नये. नाव मिळाली तर नाव न्यावी, फळी मिळाली तर फळी, केळीचा सोट मिळाला तर तो. यातले काहीच हाताशी नसेल तर अंगावरचे चीवरसुद्धा तिच्यापुढे ठेवावे. तिने ते धरले, तर मी माझे वस्त्र ओढून नेतो आहे असे मनात आणावे आणि ओढीत जावे. ती भ्यायली असेल तर तिच्या पुढे राहावे आणि तिला धीर द्यावा.

म्हातारी म्हणाली, "चीवरसुद्धा? असं लिहिलंय?"

ही ती बाब. हा प्रश्न आपण विचारला आणि "लिहिलंय, उपासिकाम्मा" असे उत्तर आले, असे टिकिरीमेणिके शपथेवर सांगे. इंदसार म्हणत की प्रश्न त्यांनी ऐकलाच नाही. त्यांना फक्त "साधु, साधु, साधु" ऐकू आले आणि चीवर ताणले गेले.

तिने दगड सोडून चीवराचा पिळा उजव्या हाताभोवती दोनदा गुंडाळला होता. इंदसार पाठमोरे झाले आणि पायऱ्या चढू लागले. "भिऊ नका," ते म्हणत होते. "मी माझं वस्त्र नेतोय. भिऊ नका." सतरा पायऱ्यांपैकी सहा चढल्यावर म्हातारी दगडावर आली. मग दोघेही तिथेच बसून राहिले, चीवराची दोन टोके दोघांच्या मनगटांना, मधे हातभर अंतर. सीलावती आली तेव्हा तिने कपाळाला हात लावला.

"आई कोण नि चिखल कोण, काही ओळखू येईना! आणि हामुदुरू, तुम्ही कुणाला धरलंय?"

"माझं चीवर आहे," इंदसार म्हणाले.

"आणि दुसऱ्या टोकाला काय आहे?"

"ते मी पाहिलं नाही," ते म्हणाले, आणि दोन वर्षांत प्रथमच हसले.

दुसऱ्या दिवशी पोयाचे प्रवचन ओल्या चीवरात झाले. त्यांच्याजवळ दुसरे नव्हते. प्रवचनानंतर दिंगिरीबंडा पहार घेऊन आला. कुणी काही सुचवले नव्हते. तीन दिवस खपून त्याने खडक फोडला आणि पाचवा खांब हातभर आत घातला. इंदसार जवळ आले तेव्हा तो वर न पाहताच म्हणाला, "आता उंच दिसत नाही ना, हामुदुरू?"

पांढरा सारोंग सीलावतीच्या नवऱ्याला मिळाला. पुढच्या बुधवारी इंदसारांनी टीकेचा तोच खंड पुन्हा नेला. मला वाटले होते, आता त्यांच्या मनावरचे ओझे उतरलेले दिसेल. ते म्हणाले, "कोंडी आहे तशीच आहे, पंडिततुमा. आज सकाळीही ती कण्हत होती आणि मी दाराशी उभा होतो. फरक एवढाच की आता ती मला चटई ओढू देते, आणि मी जायचं म्हणत नाही. ती ओळ मी तीनशे वेळा वाचली होती. लिहिणाऱ्याला आई होती, हे मात्र त्या दिवशी कळलं."

अशी आणखी चार वर्षे गेली. चार वर्षांत त्यांनी आईला एकदाही हात लावला नाही, आणि तिच्यापासून एक दिवसही दूर गेले नाहीत. टिकिरीमेणिके वारली तेव्हा तिला सीलावतीने शेवटचे धुतले. तिकडे प्रेतावर पांढरे वस्त्र घालून ते भिक्षूंना देतात. भिक्षू त्याचा काठ धरून सारे काही अनित्य आहे अशा अर्थाची गाथा म्हणतात. इंदसारांनी काठ धरला. दुसरे टोक तिच्या पावलांवर होते. गाथा म्हणताना त्यांचा आवाज कुठेही अडखळला नाही. ती संपल्यावर मात्र ते बराच वेळ काठ सोडीनात, आणि बाकीचे भिक्षू थांबून राहिले. ते वस्त्र त्यांनी फणसाच्या सालीत रंगवले आणि चीवराला ठिगळ म्हणून लावले.

अकरा वर्षांनी ते गेले. त्याच चीवरात त्यांचे दहन झाले, त्यामुळे ठिगळही उरले नाही. वेलंगोल्लच्या विहारात आता दुसरे भिक्षू आहेत. खोपटे पडले, त्या जागी केळी आहेत. कुंडाकडे जाणारे पाच खांब उभे आहेत, आणि गाव दर वर्षी मळणी झाल्यावर त्यांच्यावर नवा दोर बांधते.